सहावे फिडल

"शेषरावांचे फिडलवाले पोरं परमुलखात चालले म्हणे," पद्मजाबाईंनी ताटात भाकरी वाढता वाढता सांगितले, आणि चिंतामणपंतांचा पहिला घास तोंडातच थांबला.

"कुठं?"

"जालन्याला. तिथले कुणी जिनिंगवाले शेठजी आहेत. त्यांच्या मुलाच्या लग्नात वाजवायला बोलावलं. साऱ्या साखरखेर्ड्यात तीच गोष्ट सुरू आहे."

चिंतामणपंतांनी कसाबसा घास गिळला. "जालना परमुलूख कसा? आज दमणी जुंपली की उद्या माणूस जालन्यात."

"मोगलाई आहे ना तिकडे. नाका ओलांडला की राज्य वेगळं, नाणं वेगळं, टपालाचं तिकीट वेगळं."

"अन् आपला वऱ्हाड कुणाचा? कागदोपत्री अजून निजामाचाच. इंग्रजानं नुसता कारभाराला घेतला अन् मध्यप्रांताला जोडून दिला. म्हणजे हे या खोलीतून त्या खोलीत जाणं झालं. याला काऊन परमुलूख म्हणायचं?"

"मग तुम्हीही गेले असते त्या खोलीत पेटी घेऊन," पद्मजाबाई म्हणाल्या. "बोलावलं नाही कुणी, ते सोडा." यात त्यांचा कुत्सितपणा मुळीच नव्हता. खरे ते बोलावे आणि नवरा जेवत असताना बोलावे, एवढीच त्यांची रीत होती. चिंतामणपंत अर्ध्या भाकरीवर उठले.

चिंतामणपंत अर्जनवीस. बाजारातल्या एका ओट्यावर सतरंजी टाकून ते लोकांचे अर्ज, फिर्यादी आणि पत्रे लिहून देत. पण तो पोटाचा धंदा झाला. खरे चिंतामणपंत म्हणजे पेटीवाले चिंतामणपंत. राममंदिरातल्या रामनवमीच्या उत्सवात जन्माच्या कीर्तनाआधी पहिली बैठक त्यांच्या पेटीची, हा अकरा वर्षांचा शिरस्ता होता. त्या दिवशी सुलतानपूरपासून माणसे येत, आणि मंडपात पाय ठेवताच त्यांच्या कानावर पहिला सूर पडे तो चिंतामणपंतांचा. वर्षाचे बाकीचे दिवस ते त्या एका दिवसाच्या आठवणीवर काढत.

अशा सुखात दोन वर्षांपूर्वी शेषरावांनी पाचर मारली. शेषराव म्हणजे पाण्याखालच्या शेतीचे धनी, वय पस्तिशीचे, स्वभाव गुळासारखा. अमरावतीला शिकत असताना ते फिडल शिकले होते. गावी आल्यावर त्यांनी नागपूरहून सहा फिडले आणवली, चार तरुण पोरे गोळा केली आणि 'श्रीराम तरुण फिडल मंडळ' काढले. हे पाच जण रोज सकाळी गोठ्याशेजारच्या पडवीत वाजवत बसत आणि ते सूर वारा नेमके चिंतामणपंतांच्या ओट्यावर आणून टाकी.

शेषराव वाईट वाजवते तर चिंतामणपंतांनी त्यांच्यावर जीव ओवाळून टाकला असता. त्यांना मोठेपणाने चार सूचना केल्या असत्या, लोकांत त्यांची बाजू घेतली असती. पण शेषराव चांगले वाजवत. फार चांगले वाजवत. चिंतामणपंतांचा कान तयार होता आणि तो कान त्यांना खोटे सांगत नसे, हेच दुखणे होते. पोरांचा एखादा सूर घसरला की त्यांना बरे वाटे; त्या दिवशी त्यांचे अक्षरही सुरेख येई.

त्या दिवशी जेवण टाकून ते ओट्यावर येऊन बसले, तोच उत्सवाचे पंच पंजाबराव पाटील समोरून आले.

"पंत, आयकलं का? आपले पोट्टे परमुलखात चालले."

"ऐकलं. आनंद आहे," चिंतामणपंत म्हणाले. तोंडावर आनंद दिसावा म्हणून त्यांनी हसूनही दाखवले.

"मी काय म्हन्तो, परमुलखात वाजवून आलेले मानसं म्हनल्यावर यंदाची पयली बैठक त्याईलेच द्या लागंन. लोकं काय म्हन्तीन नाई त? तुमी काई मनावर घेऊ नका. तुमची पेटी नंतर ठेवू."

"नंतर म्हणजे?"

"सुंठवडा वाटतानी."

चिंतामणपंतांच्या पायाखालची सतरंजी सरकली. सुंठवडा वाटताना मंडपात काय चालते ते त्यांना ठाऊक होते. लोक एकमेकांच्या डोक्यावरून हात लांब करतात, पोरे दोनदा रांगेत घुसतात, बाया घरी राहिलेल्यांचा वाटा मागतात. त्या गदारोळात गंधर्व जरी येऊन बसला तरी त्याला लोक आधी "सरक" म्हणतील. अकरा वर्षांची पहिली बैठक आणि यंदा सुंठवड्याशी जुगलबंदी. त्यांच्या अंगाचा अगदी तिळपापड झाला.

आता देवाची लीला अशी की त्याच संध्याकाळी शेषराव स्वतः त्यांच्या घरी आले. हातात ताज्या गुळाची ढेप होती.

"पंत, एक काम होतं. नाक्यावर म्हने सामानाची यादी दाखवा लागते, अन् ते उर्दूत असली म्हंजे लवकर सोडतात. गावात उर्दू लिहिणारं तुमच्याबिगर कोन आहे?"

हे खरे होते. चिंतामणपंतांनी उमेदीची तीन वर्षे जालन्याला मामांच्या अडतीत काढली होती आणि नाक्यावर द्यायच्या मालाच्या याद्या त्यांनी तिथे शेकड्यांनी लिहिल्या होत्या. त्या आठवणीबरोबरच त्यांना नाक्याचा कायदाही आठवला. स्वतःच्या वापराची वस्तू फुकट जाते; विक्रीच्या नव्या मालाला अडवतात, तपासतात, जकात मागतात, वरिष्ठांना विचारतात आणि दोन-दोन दिवस ताटकळत ठेवतात. आणि लग्नाचा मुहूर्त काही फिडलांसाठी थांबत नाही.

"देतो की लिहून," चिंतामणपंत म्हणाले, आणि बोरू काढून त्यांनी सुरेख उर्दूत लिहिले की फिडल, नग सहा, नवे कोरे, विक्रीसाठी. शेषरावांचे वाईट व्हावे असे त्यांच्या मनात नव्हते. फक्त चांगले होऊ नये, इतकेच होते. कागदाखाली त्यांनी हाताच्या सवयीने झोकदार सही ठोकली आणि वाळू टाकून कागद पुढे केला.

शेषरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि फेट्याच्या घडीत खोचला. मग म्हणाले, "पंत, तुमीच चाला ना संग. नाक्यावर त्यानं उर्दूत काई इचारलं त मी काय सांगू? मले सलामाच्या पुढं येत नाई."

"मी? छे, मला इथं कामं आहेत."

"कसली कामं?" आतून पद्मजाबाईंचा आवाज आला. "दोन दिवस झाले, ओट्यावर माशी नाही बसली. येतील हो ते, शेषरावभाऊ. सहावं फिडल जोड म्हणून नेऊन राहिले ना तुम्ही? ते मांडीवर घेऊन बसतील."

अशा रीतीने चिंतामणपंत आपणच खणलेल्या खड्ड्याकडे दमणीत बसून निघाले.

वाटेत त्यांनी खड्डा बुजवण्याचे प्रयत्न केले नाहीत असे नाही. गावाबाहेर पडताच ते म्हणाले, "शेषराव, तो कागद जरा द्या. एक ओळ राहिली वाटते."

"राहू द्या पंत. तुमच्या कागदात काई राह्यते का कधी?"

सिंदखेडच्या मुक्कामावर ते म्हणाले, "फेटा घामानं भिजतो. शाई पसरेल. माझ्याजवळ द्या."

"म्हनूनच त मेनकापडात गुंडाळला," शेषराव म्हणाले. "तुमचं अक्षर आहे ते. मी काय हयगय करतो?"

माणूस जर थोडा तरी वाईट असता तर चिंतामणपंतांना त्याचा राग राग करून मोकळे होता आले असते. पण शेषराव वाटभर त्यांच्यासाठी सावलीची बाजू सोडत होते, हरभरे सोलून पुढे करत होते. पोरे गाडीतच तालीम करत होती. उत्तम नावाचा एक सावळा पोरगा इतका गोड गज ओढी की गाडीवान बैलांना हाकायचे विसरून जाई. चिंतामणपंत मांडीवरचे सहावे फिडल धरून दुसरीकडे पाहत बसले. मनातल्या मनात मात्र त्यांनी शेठजी, शेठजींचा मुलगा, जालना आणि फिडल तयार करणारा पहिला माणूस या सगळ्यांना शिव्या घातल्या.

नाका आला. कडुनिंबाखाली जाजम टाकून नाकेदारसाहेब बसले होते. पांढरी दाढी, चष्मा आणि समोर हुक्का. शेषरावांनी मेनकापड सोडून कागद पुढे केला. साहेबांनी तो वाचला आणि चष्म्यावरून पाहिले.

"छे फिडल. नये. बेचने के वास्ते. मालधनी चिंतामण. कौन है चिंतामण?"

पाच जणांनी मोठ्या अभिमानाने चिंतामणपंतांकडे बोट दाखवले.

चिंतामणपंतांनी मान लांब करून कागदाचा तळ पाहिला. मामांच्या अडतीतल्या यादीत सगळ्यात खाली मालधन्याचे नाव असे, आणि ही यादीही त्यांनी त्याच साच्यात लिहिली होती. अर्जनविसाचा हात. कागदाचा तळ दिसला की सही करतो, कशाखाली करतो ते पाहत नाही.

"साहेब, लिखने में गलती हो गयी," ते म्हणाले. "ये बेचने के नहीं. बजाने के हैं."

"पंत, तुमच्या हातून चूक?" शेषरावांना खरोखरच वाईट वाटले. "बरेच वर्सं झाले ना उर्दू सुटून. होते असं."

नाकेदारसाहेब शांत माणूस होता. "माल लाने वाला हर आदमी यही कहता है," ते म्हणाले. "बजाने के हैं, तो बजाओ."

शेषराव तिथेच मांडी घालून बसले. पोरांनी फिडले गळ्याशी लावली. पहिल्याच सुराला जमादार हातातला तराजू खाली ठेवून उभा राहिला. नाक्यावर अडलेले दोन मिरचीचे व्यापारी भांडण थांबवून जवळ आले. साहेबांनी डोळे मिटले आणि हुक्का विझला तरी त्यांना समजले नाही. वाजवणे संपल्यावर त्यांनी आधी चष्मा काढून पुसला. चिंतामणपंतांच्या काळजाला कोणी तरी बारीक चिमटे काढत होते.

"ये पाँचों बजानेवाले हैं. जाने दो," साहेब म्हणाले. मग त्यांची नजर सहाव्या फिडलाकडे गेली. "और आप?"

"मैं पेटीवाला," चिंतामणपंत म्हणाले.

"पेटी कहाँ है?"

"घर पे."

"पेटी घर पे और फिडल गोद में?" साहेबांनी दाढी कुरवाळली. "ठीक है. जो बजाये वो बजानेवाला. आप भी बजाइये."

चिंतामणपंतांनी आयुष्यात फिडलाला गज लावला नव्हता. पण समोर शेषराव होते, पोरे होती. आपण अकरा वर्षांचे कलावंत, सात सूर आपल्या घरचे, एवढे तर येईलच असे म्हणून त्यांनी फिडल गळ्याशी धरले आणि गज ओढला. कोरड्या विहिरीच्या रहाटासारखा आवाज निघाला. बसलेले बैल उठून उभे राहिले. त्यांनी दुसऱ्यांदा गज ओढला तेव्हा मिरचीचे व्यापारी परत भांडायला निघून गेले.

"बस," साहेबांनी हात वर केला. "ये सौदागर है."

शेषरावांनी आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत फार रदबदली केली. "साब, ये बहोत बडा कलावंत हैं. हमारे गाव में इनके बराबर का कोन्ही नाई." साहेबांनी चिंतामणपंतांकडे पाहिले आणि त्या गावाची कीव आल्यासारखी मान हलवली. कायदा सरळ होता. सौदागराने जकात भरावी, नाहीतर माल घेऊन नाक्यावर थांबावे. मंडळी परत येतील तेव्हा माल आणि सौदागर दोन्ही परत जातील.

"जकात मी भरतो, पंत," शेषराव लगेच म्हणाले.

चिंतामणपंतांचा चेहरा लाल झाला. शेषरावांचे कौतुक ऐकले, शेषरावांचे हरभरे खाल्ले, आता शेषरावांचे उपकारही? "काही गरज नाही," ते म्हणाले. "मी थांबतो. तुम्ही जा, वाजवा."

दमणी धुरळा उडवत निघून गेली. कडुनिंबाखाली राहिले ते चिंतामणपंत आणि सहावे फिडल.

नाक्यावर त्यांचे हाल झाले असे म्हणता येणार नाही. साहेब मोठा अदबीचा माणूस. चिंतामणपंतांचे सोवळे-ओवळे ध्यानात घेऊन त्याने कोरडा शिधा दिला, तीन दगडांची चूल मांडून दिली, दुपारी बसायला आपले जाजम दिले. 'सौदागरसाहब' म्हणून तो त्यांना हाक मारी आणि कापसाचा बाजार विचारी. चिंतामणपंतांनी एकदा चोरून फिडलाला गज लावून पाहिला. तेव्हा जमादाराने येऊन हात जोडले आणि म्हणाला की साहेबांची झोपायची वेळ आहे. जालन्याकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीत चिंतामणपंतांना टाळ्या ऐकू येत. आता शेषरावांच्या गळ्यात हार पडला असेल. आता शेठजींनी शाल दिली असेल. आता उत्तमला कोणी तरी जवळ घेतले असेल. जाजमावर बसून माणूस इतका जळू शकतो हे नाक्याच्या दप्तरात कुठेच नोंदलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक गाडी थांबली आणि तिच्यातून साखरखेर्ड्याच्या सुभद्राबाई उतरल्या. लेकीच्या सासरहून त्या गावी परतत होत्या. सुभद्राबाईंच्या कानात सकाळी पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावात एका माणसाला ठाऊक नसेल, तर तो माणूस मेलेला असे समजायचे. त्यांनी पाहिले, पंत जाजमावर बसलेले, मांडीवर फिडल, आणि खुद्द नाकेदारसाहेब हातात दुधाचा लोटा घेऊन समोर उभे.

"पंत, तुमी अथी? अन् ते पोट्टे कुठी गेले?"

"ते गेले जालन्याला. त्यांना सोडलं."

"अन् तुमाले नाई सोडलं? काऊन?"

खरे सांगायला दोन शब्द पुरले असते. पण सुभद्राबाईंचे डोळे फिडलावर होते आणि चिंतामणपंतांच्या डोळ्यांपुढे सुंठवडा होता. "साहेबांना ऐकायचं होतं," ते म्हणाले.

"काय? हे?"

"हो."

"तुमाले हे बी येते? कधी सांगतलं नाई ते."

"आपलं आपण काय सांगायचं," चिंतामणपंत म्हणाले आणि जमिनीकडे पाहू लागले. सुभद्राबाईंनी साहेबांकडे पाहिले, लोट्याकडे पाहिले आणि घाईघाईने गाडीत चढल्या. एवढी मोठी गोष्ट घेऊन रस्त्यात थांबणे त्यांना शक्य नव्हते.

तिसऱ्या दिवशी शेषरावांची दमणी परत आली. शाल दिसली नाही, हारही दिसला नाही. पोरे चूप होती.

"कसं झालं?" चिंतामणपंतांनी विचारले.

"कायचं कसं," शेषराव म्हणाले. "शेठजीनं औरंगाबादेहून ब्यांड आनला होता. सोळा जन. आमी दोन दिवस वाजवलं, पन आमचं आमालेच आयकू आलं नाई. पंगतीपाशी वाजवत होतो त वाढप्याले वाटलं आमी जेवाचे राह्यलो. त्यानं उत्तमच्या हातातला गज काढला अन् पत्रावळ देल्ली."

चिंतामणपंतांना इतका गारवा वाटला की वैशाखात वाळ्याचे पाणी प्यायल्यावरही वाटत नाही. "अरेरे," ते म्हणाले, आणि परतीच्या वाटेवर प्रथमच त्यांनी शेषरावांसाठी हरभरे सोलले.

साखरखेर्ड्याच्या वेशीत गर्दी होती. डफडे वाजत होते. पंजाबराव पाटील झेंडूचा हार घेऊन पुढे उभे. शेषरावांनी फेटा सारखा केला आणि पोरांनी कपडे झटकले. पंजाबराव आले, शेषरावांच्या बाजूने पुढे गेले आणि हार चिंतामणपंतांच्या गळ्यात पडला.

"पंत, लपवून ठेवलं तुमी आमच्यापासून," पाटील गहिवरून म्हणाले. "मोगलाईच्या साहेबानं पाच जनाले सोडून देल्लं अन् एकट्या तुमाले ठेवून घेतलं. स्वताच्या हातानं दूध पाजलं. सुभद्राबाईनं आपल्या डोयानं पाह्यलं."

"पाटील," शेषराव म्हणाले, "ते तसं नाई. साहेबानं पंताले सौदागर समजून अडकवलं होतं. पंताले फिडल वाजवता येत नाई म्हनूनच त ठेवलं."

गर्दीत कुजबुज झाली. पंजाबरावांनी शेषरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "शेषराव, तुमच्यासारख्या मोठ्या मनाच्या मानसानं असं जळू नाई. ज्याचा मान त्याले."

"मी जळून राह्यलो नाई," शेषराव म्हणाले.

"हाव, हाव," गर्दीतून कोणीतरी म्हणाले, आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या. शेषरावांनी पोरांकडे पाहिले. पोरे बोलू लागली तर लोक त्यांनाही हसले. मग शेषराव उलगडा करायचे सोडून दमणीतले सामान उतरवू लागले. पण त्यांचा तो गुळासारखा चेहरा हळूहळू काळवंडत गेला.

चिंतामणपंतांच्या जिभेवर खरे अगदी येऊन ठेपले होते. पण गळ्यात झेंडूचा हार होता आणि त्याचा वास नाकात भरला होता. वास संपला की सांगू, असे त्यांनी ठरवले.

"यंदाची पयली बैठक तुमची, पंत," पंजाबराव म्हणाले.

"मी पेटी कालच पुसून..." चिंतामणपंतांना आनंदाच्या भरात आपण काल नाक्यावर होतो याचेही भान राहिले नाही.

"पेटी काऊन? पेटी त अकरा वर्सं आयकली. फिडल वाजवा. साहेबाले आयकवलं तेच आमाले आयकवा."

"तेच?"

"तेच. त्याच्यात कमी नाई चालनार. सुलतानपूरले सांगावा गेला."

घरी गेल्यावर चिंतामणपंतांनी हार खुंटीला लावला. पद्मजाबाईंनी ताट वाढले. "नऊ दिवस राहिले रामनवमीला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला फिडल येत नाही हे त्या साहेबाला गज दोनदा ओढताच कळलं. गावाला कळायला एक बैठक लागेल."

"शिकेन."

"कुणाजवळ? गावात शिकवणारा एकच माणूस आहे."

सकाळी सहावे फिडल काखेत घेऊन ते शेषरावांच्या पडवीत गेले. पोरांना सुट्टी दिलेली होती. शेषराव एकटेच बसले होते, आणि चिंतामणपंतांना पाहून नेहमीसारखे उठून उभे राहिले नाहीत.

"या, परमुलखातले पाहुणे," ते म्हणाले.

"शेषराव, मला चार सूर शिकवता का? रामनवमीला निभावेल इतकेच."

 पडवीच्या कोपऱ्यात पाचही फिडले भिंतीशी उभी होती. बाहेर डफडेवाला हाळी देत जात होता की यंदा रामनवमीला चिंतामणपंतांचे फिडल. शेषरावांनी ती हाळी पूर्ण ऐकली, चिंतामणपंतांकडे पाहिले आणि एकदम गोड हसले.

"शिकवतो ना. काऊन नाई शिकवनार? आना, लावून देतो."

सहावे फिडल घेऊन ते पाठमोरे बसले. खुंट्या पिळण्याचा आवाज आला. तारा छेडल्या, पुन्हा पिळल्या. मग वळून त्यांनी फिडल दोन्ही हातांनी चिंतामणपंतांच्या पुढे केले. "घ्या. एकदम सुरात लागलं. आता रामनवमीपर्यंत खुंट्याले हात लावू नका."

चिंतामणपंतांनी अंगठ्याने एक एक तार छेडली. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. चौथी बरोबर. तिसरी तार उतरलेली होती, श्रुतीभरच. साध्या माणसाला ती कळली नसती. मंडपात भरल्या बैठकीत मात्र प्रत्येक सुराला तिने दगा दिला असता. त्यांनी पुन्हा छेडून पाहिली. कान खोटे सांगत नव्हता. त्यांनी वर पाहिले तेव्हा शेषराव गोठ्यातल्या म्हशीकडे टक लावून पाहत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

चिंतामणपंतांच्या अंगावरून आनंदाची लाट गेली. अकरा वर्षांत लोकांनी त्यांच्या पेटीला माना डोलावल्या होत्या, नारळ दिले होते, "छान झालं, पंत" म्हटले होते. पण ज्याचे बोट कधी चुकत नाही असा माणूस त्यांच्यासाठी मुद्दाम चुकला, हे आज पहिल्यांदा घडत होते. रामनवमीला काय व्हायचे ते होवो.

"बरोबर लागलं ना, पंत?" शेषरावांनी म्हशीकडे पाहतच विचारले.

"अगदी बरोबर," चिंतामणपंत म्हणाले, आणि त्यांनी समाधानाने फिडल गळ्याशी धरले.